कसाऱ्याचे पाणी, चाकांवरच्या घरातून

मुंबईकराला त्याच्या पाण्याचा पत्ता विचारून पाहा. दहांतले पाच जण पवई सांगतील. पवईचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत, हे सांगूनही त्यांना पटत नाही. विहार आणि तुळशीचा थोडासा वाटा सोडला, तर मुंबईच्या नळाला येणारे पाणी शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांतले आहे. ते एकदा मुलांना दाखवावे, म्हणून श्रावणात आम्ही निघालो.

गाडी भाड्याची होती. आत झोपायला चार फळ्या, गॅसची शेगडी, छोटे बेसिन आणि शंभर लिटरची टाकी. अशा 'कॅरॅव्हॅन' पर्यटनासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये धोरण आणले खरे, पण कसाऱ्याच्या बाजारात लोक तिच्याकडे फिरत्या दवाखान्याकडे पाहावे तसे पाहत होते. एका आजींनी तर डॉक्टर किती वाजता बसणार, असे विचारलेच!

पहिला मुक्काम तानसा. १८९२ मध्ये पुरे झालेले हे दगडी धरण जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब आहे. येथून पाणी निघते ते पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर मुंबईकडे जाते. जंगलातून जाणाऱ्या त्या अजस्र जलवाहिन्या पाहून धाकट्याने विचारले, "बाबा, आपला नळ याच्याच टोकाला आहे का?" सव्वाशे वर्षांहून जुन्या इंजिनिअरिंगचे याहून नेमके वर्णन मला सुचले नसते.

भातसाची तऱ्हा निराळी. १९८३ मध्ये पूर्ण झालेले हे धरण ८८ मीटर उंच. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा हिस्सा एकट्या भातसाचा. त्याचे पाणी नदीतच सोडतात; ते वाहत पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथे पंपांनी उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते. धरणाच्या कालव्यावर खालच्या गावांची शेती होते. कालव्याकाठी गाडी उभी करून सौ.ने पिठले टाकले. भातखाचरांचा हिरवा रंग असा, की जेवणाकडे कुणाचे लक्ष नव्हते. (पिठले मात्र उरले नाही.)

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. बोगद्यातून इगतपुरी आता काही मिनिटांवर आली. आम्ही मुद्दाम जुन्या घाटाच्या वाटेने गेलो. १८६५ पासून या घाटातून आगगाडी चढते आहे; सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. रेल्वे पाहायची तर कसारा स्टेशनवर अर्धा तास काढावा.

विहीगावचा धबधबा 'अशोका' या २००१ च्या चित्रपटामुळे प्रसिद्ध झाला, आणि आता त्याचे नावच अशोका धबधबा पडले. रविवारी तिथे जत्रा असते. आम्ही मंगळवारी गेलो. पाणी डोंगरावर पडते तसेच क्षणात खाली कोसळते. वर पाऊस वाढला की खालचा डोह बघता बघता भरतो. म्हणून पोलिसांनी मनाई केली असेल त्या दिवशी मुकाट परतावे.

रात्री खोडाळ्याच्या वाटेवर एका पाड्याजवळ परवानगी घेऊन थांबलो. शेजारच्या घराच्या पन्हळीखाली तीन पिंप भरून वाहत होती. घरातल्या ताई गाडी पाहायला आल्या. शेगडी पाहिली, फळ्या पाहिल्या आणि टाकीजवळ थांबल्या. "किती मावतं?" शंभर लिटर, मी म्हणालो. "मे महिन्यात आमच्या घराचे दोन दिवस," त्या म्हणाल्या.

ही अतिशयोक्ती नव्हे. शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाऊस भरपूर, पण काळा कातळ आणि उभे उतार पाणी धरून ठेवत नाहीत. फेब्रुवारी सरली की विहिरी तळ गाठू लागतात. धरणे खोऱ्यात, पाडे उंचावर; पाणी वर चढवायचे तर पंप, वाहिनी आणि विजेचे बिल आलेच. शिवाय धरणातला साठा शहरासाठी राखलेला. इगतपुरीकडच्या उंचावरील भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना त्यासाठीच आखली गेली. तानसाला १८९२ मध्ये जमलेली युक्ती इथल्या पाड्यांच्या वाट्याला यायला एवढा काळ का लागावा, हे मला समजत नाही.

टँकर आला की काय होते, ते ताईंनी सांगितले. पाणी विहिरीत ओततात, मग सगळ्या बायका एकदम दोर सोडतात. उशीर झाला की गाळ येतो. मोठी मुलगी परीक्षेच्या दिवसांतही हंडा घेऊन जाते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, नांगरणीबद्दल सांगावे तसे त्या सांगत होत्या.

सकाळी आमची टाकी रिकामी झाली होती. सौ.ने संकोचत पाणी मिळेल का, असे विचारले. ताईंनी स्वतः पिंपातून बादल्या भरून दिल्या. "आता घ्या हवं तेवढं," त्या हसून म्हणाल्या, "मे महिन्यात याल तेव्हा मात्र भरून घेऊन या."