खांदा मोडला, आता पुढे काय?

गुरुपौर्णिमा झाली की घाटकोपरच्या गल्ल्यांत रात्री थरांचा सराव सुरू होतो आणि आपल्या हॉस्टेलचे दोघे-तिघे त्यात असतातच. अशाच एका सरावात माझा रूम पार्टनर तिसऱ्या थरावरून निसटला, तो थेट उजव्या खांद्यावर!

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी त्याच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला पिन टोचली. "कळतंय का?" नंतर मनगटाची नाडी पाहिली. मला तो टाइमपास वाटला. पण खांदा निखळला की त्याला वळसा घालून जाणारी नस ताणली जाते आणि तिथली कातडी बधिर होते. ही नोंद ऑपरेशनच्या आधीच हवी, नाहीतर नस पडल्यामुळे गेली की चाकूमुळे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. वाटी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच पटकन निखळतो. लिंबाला धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू. ते हाडाच्या दोन उंचवट्यांना चिकटलेले असतात. अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांनी 1970 मध्ये इथल्या फ्रॅक्चरचा हिशोब चार भागांत मांडला: गोळा, दोन उंचवटे आणि खालचा दांडा. तुकडा 1 सेंटिमीटरहून जास्त सरकला किंवा 45 अंशांहून जास्त फिरला, तरच तो वेगळा भाग धरायचा. पार्टनरचे तीन भाग झाले होते, शिवाय गोळा वाटीबाहेर! असा हात ओढून बसवायला गेलं तर आणखी तुकडे होऊ शकतात, म्हणून भूल देऊनच काम करायचं ठरलं.

गावाहून त्याचे बाबा आले. ओपीडीच्या बाकावर शेजारी असल्फ्याच्या एक आजी होत्या, मोरीत घसरलेल्या. त्यांच्या एक्स-रेत चार भाग, तरी डॉक्टरांनी हात झोळीत बांधून घरी पाठवलं. बाबा चिडले, "तिचं जास्त मोडलंय तर तिला झोळी, आणि माझ्या पोराला चाकू?"

डॉक्टर शांतपणे बोलले. किती तुकडे झाले एवढ्यावर निर्णय होत नाही. गोळ्याला रक्त पोचतंय का, स्नायू शाबूत आहेत का, हाड स्क्रू धरेल का आणि त्या हाताने पुढे काय करायचंय, हे सगळं बघावं लागतं. ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवर चाचणी झाली, निकाल 2015 मध्ये आला. त्यातले बहुतेक रुग्ण वयस्कर होते. दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि झोळीवाले यांच्या हातांत फारसा फरक नव्हता. मात्र गोळा निखळलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते.

"मग सांधाच बदला ना, एकदाचं काम!" बाबा म्हणाले. विशीत नाही, डॉक्टर म्हणाले. कृत्रिम सांधा झिजतो, सैल होतो, आणि पुढे पन्नास वर्षं काढायची आहेत. म्हणून प्लेट. ही साधी प्लेट नव्हे. साधी प्लेट हाडावर दाबून घर्षणाने धरते. हिच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्येच घट्ट बसतात, त्यामुळे कोन ढळत नाही. तरीही रक्तपुरवठा तुटला असेल तर गोळा पुढे वर्ष-दोन वर्षांत खचू शकतो. हे त्यांनी आधीच सांगितलं, ते मला आवडलं.

सांधा बदलण्यातली खरी गंमत आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी आहे. स्नायू कामातून गेलेल्या वयस्कर माणसाला साधा कृत्रिम गोळा बसवून हात वर जात नाही. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी 1985 मध्ये सांधा चक्क उलटा केला: गोळा पात्यावर, वाटी दंडावर! फिरण्याचा केंद्रबिंदू आत आणि खाली सरकला, खांद्यावरच्या मोठ्या स्नायूची तरफ लांब झाली आणि तो एकटाच हात उचलू लागला. आजींना झोळीने जमलं नाही तर पुढचा पर्याय हाच.

कबड्डीवाल्यांनो, हाड न मोडता खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाटीची फाटलेली कड दुर्बिणीतून शिवतात. कडेचं हाडच बरंच झिजलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही, पात्याच्या पुढच्या टोकाचा तुकडा कापून तिथे बसवतात.

पार्टनरला सहा आठवडे झोळी होती. मग वाकून हात लंबकासारखा झुलवणं, मग भिंतीवर बोटं चढवणं. भिंतीवर तो रोज पेन्सिलने खूण करायचा. वॉर्डनसरांनी दंड लावला नाही. शेवटची खूण ट्यूबलाइटच्या बटणापेक्षा चार बोटं वर आहे.