खानदेशचं वर्ष साडेपंधरा ओहममध्ये

थंडीच्या कडाक्यात धुळ्याचा पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर भाजून निघतं. प्लॅटिनमची बारीक तार हा सगळा फरक टिपते. शून्य अंशाला १०० ओहम रोध असणारा ‘पीटी-१००’ सेन्सर ५ अंशांना १०१.९५ ओहम भरतो, ४५ अंशांना ११७.४७. म्हणजे हुडहुडीपासून उष्माघातापर्यंतचं आपलं अख्खं वर्ष साडेपंधरा ओहममध्ये मावतं! एका अंशाच्या वाट्याला ०.३९ ओहमसुद्धा धड येत नाही.

रावेर-यावलची निर्यातीची केळी साधारण १३ ते १४ अंशांना ठेवतात. त्याखाली गेली की साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही. ‘बी’ श्रेणीच्या सेन्सरला तिथे ०.३७ अंशाची चूक माफ असते. खरा घात वायरिंग करतं. अर्धा चौरस मिलिमीटरची दोन तारांची तांब्याची केबल १० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं स्वतःचा सुमारे ०.७ ओहम त्यात मिसळतं. डिस्प्ले जवळपास १.८ अंश जास्त दाखवतो. मशीनला वाटतं खोली गरम आहे. ते गारवा वाढवत राहतं आणि डिस्प्लेवर साडेतेरा दिसत असताना केळी बारा अंशांखाली गेलेली असतात. म्हणून केबलचा रोध वजा करायला तिसरी तार जोडतात, प्रयोगशाळेत तर चार.

कॅलिब्रेशनची परीक्षा याहून कितीतरी कडक. हवा काढलेल्या बंद काचपात्रात बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान ०.०१ अंश. तिथला दाब आपल्या हवेच्या जेमतेम १६५वा हिस्सा. त्या पाण्यात एक मीटर खोल गेलं, तर तापमान ०.०००७३ अंशाने बदलतं, आणि शास्त्रज्ञ तेही हिशेबात धरतात! त्यांच्या २५.५ ओहमच्या प्रमाण थर्मामीटरात अंशाचा हजारावा भाग म्हणजे ओहमचा दहा हजारावा भाग. प्लॅटिनम थर्मामीटरांच्या वरच्या टोकाला कसोटी चांदीची: जळगावच्या सराफ बाजारातला हाच धातू, अगदी शुद्ध असेल तर, ९६१.७८ अंशांना गोठतो.

देशाचं तापमानाचं प्रमाण दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. कोल्ड स्टोरेज आणि रायपनिंग चेंबरवाल्यांनी निदान एवढं करावं: थर्मासमध्ये शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून, थोडं पाणी घालून, सेन्सर केबलसकट जोडलेला असतानाच त्यात खोल बुडवावा. दहा-पंधरा मिनिटांनी डिस्प्लेवर शून्याऐवजी एक किंवा दोन दिसले, तर पुढचा माल भरण्याआधी एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेला फोन करावा.