ध्रुवीय अस्वल पेंग्विनला का खात नाही? (आर्क्टिकचा प्रकल्प घेताना)

शाळेच्या प्रदर्शनात सातवीच्या एका गटाने थर्माकोलचा सुंदर आर्क्टिक प्रदेश केला होता. कापसाचा बर्फ, इग्लू, ध्रुवीय अस्वल आणि शेजारी दोन पेंग्विन. मी 'उत्तम' असा शेराही देऊन टाकला होता. तिसरीतला एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, हे अस्वल त्या पेंग्विनला खात कसं नाही?"

गटातल्या कुणालाच उत्तर आलं नाही. अस्वल राहतं उत्तर ध्रुवाकडे, पेंग्विन अंटार्क्टिकाच्या बाजूला. दोघांची गाठच पडत नाही. मुलांनी चित्रं गोळा केली होती, शोध घेतला नव्हता. आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून हा प्रकल्प मी असा घेते.

विषय नको, प्रश्न द्या. 'आर्क्टिकमधील जीवन' असा विषय दिला की मुलं इंटरनेटवरून चार पानं उतरवून आणतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यायचा. आर्क्टिक कोल्ह्याचे कान एवढेसे का? बर्फाखाली रेनडिअर काय खातो?

घरात करून पाहता येईल ते आधी करा. एक मोठा आणि एक लहान बटाटा एकत्र उकडा, बाहेर काढून ठेवा, थोड्या वेळाने हात लावून बघा. लहान बटाटा आधी गार होतो, कारण आकाराच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. मोठ्या अंगाच्या अस्वलाला ऊब टिकवणं का सोपं जातं, ते इथे कळतं. कानांचंही तेच. पातळ, पसरट कानातून उष्णता निघून जाते. म्हणून कच्छ-राजस्थानातल्या वाळवंटी कोल्ह्याचे कान मोठे आणि आर्क्टिक कोल्ह्याचे आखूड. दुसरा प्रयोग डालड्याचा: दोन प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घालून मधे डालडा भरा, आत हात घाला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवा. दुसरा हात नुसत्या पिशवीत. कातडीखालची चरबी काय काम करते, ते मुलं स्वतःच ओरडून सांगतात!

'म्हणून' या शब्दाकडे लक्ष ठेवा. "थंडी वाजू लागली म्हणून कोल्ह्याने कान लहान केले," असं मुलं हमखास लिहितात. स्वेटर आपण ठरवून घालतो, कान कुणी ठरवून लहान करत नाही. पिल्लांमध्ये थोडाफार फरक असतोच. ज्यांची ऊब टिकली ती जास्त जगली, त्यांना पिल्लं झाली आणि ते गुण पुढे गेले. अनुकूलन म्हणजे अशा हजारो पिढ्यांचा हिशेब.

लांबचं जवळ आणा. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून दगडफुलाच्या जातीचं लायकेन खातो. गोडा मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. एवढं सांगितलं की वर्ग जागा होतो. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर भिगवणला हिवाळ्यात लिटल स्टिंट हा चिमुकला पक्षी दिसतो. त्याची वीण आर्क्टिक प्रदेशात होते. आणि स्वालबार्डमध्ये २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. आर्क्टिकमधले बदल आणि आपला मान्सून यांचा संबंध हाही तिथल्या अभ्यासाचा विषय आहे.

माणसं विसरू नका. तिथे इनुइट, सामी असे लोक राहतात. 'एस्किमो' हा शब्द त्यांच्यातल्या अनेकांना आवडत नाही. बर्फाचं इग्लू मुख्यतः शिकारीच्या दिवसांतला तात्पुरता निवारा होता. आज लोक साध्या घरांतच राहतात.

"कुठे वाचलंस?" हे विचारा. एका मुलाने घरातलं टिळकांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' आणलं. १९०३ मध्ये पुण्यातून निघालेलं हे पुस्तक. आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये होतं, हा त्यातला तर्क आजचे अभ्यासक मानत नाहीत. मोठ्या माणसाचं म्हणणंही पुराव्यावर तपासायचं, हा धडा त्या दिवशी आयताच मिळाला.

सादरीकरण वही मिटून. तीन मिनिटं बोलायचं, मग वर्गाचे दोन प्रश्न. "माहीत नाही, शोधून सांगतो" या उत्तराला मी गुण देते. पण दुसऱ्या दिवशी उत्तर आणावं लागतं.

गेल्या खेपेला एका मुलीने विचारलं, "बर्फ वितळला तर अस्वलही बदलेल ना?" अस्वल बर्फावरून सीलची शिकार करतं. त्याचं अंग घडायला हजारो पिढ्या लागल्या; समुद्रातला उन्हाळी बर्फ मात्र काही दशकांतच खूप घटलाय. वर्ग शांत झाला. असा प्रश्न चार्टवर चिकटवता येत नाही.

पालकांनो, एवढंच सांगणं आहे: प्रकल्प तुम्ही करून देऊ नका. बटाटे मात्र उकडून द्या!