काका, केळं चुकवा!

रायगडात घाटाखाली असलेल्या वरंधसारख्या गावात चाळिशी ओलांडलेल्या माणसाने ओटीवर बसून पोरांबरोबर मोबाइलवर गाड्या पळवाव्यात, हे 2020 च्या मार्चपर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हतं. टाळेबंदी लागली, चाकरमानी मिळेल त्या वाटेने गावी आले आणि धाकट्या भावाचा मुलगा आमच्याकडे मुक्कामाला राहिला. शाळा बंद, नदीवर जायला बंदी. बापाच्या फोनमध्ये त्याने ‘सुपरटक्सकार्ट’ नावाचा खेळ घेतलेला होता. त्याला भिडू हवा होता आणि घरात रिकामा माणूस मीच सापडलो. सुरुवात अशी नाइलाजाने झाली. पुढच्या वर्षांत जे चाललं त्याला मात्र नाइलाज म्हणता येणार नाही. आई अजूनही म्हणते, ‘घोड्याएवढा झालास, पोराचा फोन त्याला दे.’

गाड्यांचे खेळ आमच्या पिढीला नवे नव्हते. गॅरेजवाल्याने टाकून दिलेली बेरिंगं फळीला ठोकून उतारावरून गाडी सोडायची आणि गुडघे फोडून घ्यायचे, हे आम्ही केलं होतं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम आला, त्याच्या कॅसेटमध्ये ‘रोड फायटर’ असायचा. पेट्रोल संपायच्या आत टप्पा गाठायचा. नंतर सायबर कॅफेत ‘रोड रॅश’: मोटारसायकल पळवता पळवता शेजारच्याला लाथ घालायची. पण या दोन्ही खेळांत खेळणारा एकटाच. बाकीचे पाठीमागे उभे राहून ‘आता मला दे’ म्हणणारे.

कार्टचा, म्हणजे बुटक्या गाड्यांच्या शर्यतीचा, खेळ मुळात दोघांसाठी जन्माला आला. निन्टेन्डो कंपनीने 1990 मध्ये ‘एफ-झीरो’ काढला होता. तो सुसाट होता, पण एकट्याचा. मग दोघांना एकाच पडद्यावर शर्यत खेळता यावी म्हणून खटपट सुरू झाली, आणि त्यातून 1992 मध्ये ‘सुपर मारिओ कार्ट’ आला. पडदा आडवा दुभागला: वरती एक, खालती एक. गाड्या बुटक्या झाल्या, रस्ते वळणावळणाचे झाले आणि वाटेत एकमेकांवर टाकायला केळ्याची सालं आणि कासवाच्या कवच्या आल्या. आमचा सुपरटक्सकार्ट याच घराण्यातला. स्टीव्ह बेकर नावाच्या गृहस्थाने 2000 साली ‘टक्सकार्ट’ केला, नंतर तो हौशी मंडळींनी हाती घेऊन वाढवला. लिनक्स या संगणकप्रणालीचं पेंग्विन त्याचा नायक. पैसे पडत नाहीत, जाहिरात येत नाही. एप्रिल 2019 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, तेव्हापासून वेगवेगळ्या फोनवरून एकत्र खेळायची सोय झाली.

या सोयीचं मोल 3 जून 2020 नंतर कळलं. निसर्ग वादळाने रायगड झोडपून काढला, खांब आडवे झाले, वीज गेली, रेंजही गेली. फोन चारचाकीत चार्ज करून आणायचे. एका फोनचा हॉटस्पॉट चालू केला की दुसरा त्याला जोडून शर्यत लावता येते, त्याला इंटरनेट लागत नाही. अंधारात शेजारची पोरंही ओटीवर यायला लागली.

मला खेळ जमेना, आणि त्याचं कारण आमचा घाट. वरंध घाट उतरताना वळणाआधी वेग मारायचा, गिअर खाली आणायचा, हॉर्न द्यायचा, हे हाडीमाशी खिळलेलं. या खेळात वळणावर घसरायचं असतं! घसरण्याचं बटण दाबून धरलं, नीट वळण घेतलं आणि सोडलं की उलट गाडीला जोर मिळतो. मी प्रत्येक वळणावर हळू होणार आणि पुतण्या मागून ओरडणार, ‘काका, ब्रेक नको! काका, केळं चुकवा!’ सुपरटक्सकार्टमध्ये केळं रस्त्यातच पडलेलं असतं. त्यावरून गेलात तर कधी पाठीला पॅराशूट लागतं, कधी लोखंडी वजन, कधी बॉम्ब.

तरी मी अधूनमधून जिंकायचो, आणि या खेळाची खरी करामत तिथेच आहे. वाटेतल्या पेट्यांतून काय मिळणार हे तुमचा नंबर कितवा त्यावर बरंचसं ठरतं. पुढच्याला किरकोळ माल, मागच्याला जोरकस अस्त्र. पहिल्या नंबरवाल्याला शोधत जाऊन आदळणारा चेंडूही आहे. मारिओ कार्टमध्ये हेच काम निळी कवची करते. ती 1996 च्या ‘मारिओ कार्ट 64’ पासून आहे. कसलेल्या खेळाडूंचा हिच्यावर राग: शर्यतभर पुढे राहायचं आणि शेवटच्या वळणावर मार खायचा, हा कुठला न्याय? माझं मत उलटं आहे. आठ वर्षांचं पोर आणि पंचेचाळिशीचा बाप्या एका चटईवर खेळणार असतील तर मागच्याला हात द्यावाच लागेल. तसं केलं नाही तर एकजण दुसऱ्या दिवशी उठून जाईल. आमच्या घरात तो मी असतो. 2021 मध्ये अँड्र्यू बेल या बोस्टनच्या प्राध्यापकांनी तर मारिओ कार्टच्या याच नियमावरून गरीब शेतकऱ्यांना मदत कशी पोचवावी यावर शोधनिबंध लिहिला. घाटाखाली भात लावणाऱ्याला ही कल्पना पटकन पटते.

22 जुलै 2021 ला आमच्या जवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीच्या वर माणसं गेली. महाड पाण्याखाली होतं, घाटरस्ता खचला. त्या पावसाळ्यात कोणी खेळाचं नाव काढलं नाही. तोवर मुंबईला परतलेल्या पुतण्याने फोनवर फक्त एवढंच विचारलं, ‘रस्ता कधी होणार?’

पुढे गणपती आणि शिमगा, एवढीच आमची गाठ. मधल्या काळात पुण्याच्या मेहुण्याकडे निन्टेन्डो स्विचवर ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ही खेळून आलो. 2017 चा हा खेळ, सहा कोटींच्या वर प्रती खपलेला. त्यात गाडी रस्ता सोडू नये अशी सोय ठेवता येते, त्यामुळे चार वर्षांची भाचीही आमच्यात शर्यत पुरी करत होती. देखणा आहे, पण यंत्राची किंमत पाहून मी मुकाट ओटीवर परतलो. फोनवरचे काही फुकट कार्ट-खेळही पाहिले. दोन शर्यती झाल्या की जाहिरात, चार झाल्या की नाणी विकत घ्या. पोरांच्या हाती ते देऊ नयेत.

पुतण्या आता दहावीत. मागच्या गणपतीत त्याने फोन काढला तो क्रिकेट पाहायला. भिडू बदलला: शेजारची दुसरीतली पोरगी माझ्याशी खेळते आणि बहुतेक वेळा हरवते.

येत्या गणपतीत तुमच्या घरी पोरं जमली की त्यांच्या हातातला फोन काढून घेण्याआधी एकदा हे करून बघा. सुपरटक्सकार्ट दोन फोनवर घ्या, एकाचा हॉटस्पॉट लावा, अवघडपणाची पातळी सगळ्यात सोपी ठेवा. चाळिशीचा चष्मा असेल तर फोन जरा लांब धरा, आणि वळणावर ब्रेक दाबू नका. घाटात मात्र दाबा.