हिंदीतलं यमक, मराठीतलं यमक आणि इंग्रजीचा पेपर

जयपूरच्या दुर्गापुऱ्यात वाढणाऱ्या मराठी मुलाला विचारून बघा, यमक म्हणजे काय? शाळेत हिंदीच्या मॅडम सांगतात, एकच शब्द पुन्हा यावा आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असावा. सुट्टीत आलेली आजी म्हणते, ओळींच्या शेवटी सारखे उच्चार आले की यमक. दोघीही बरोबर आहेत! घोळ होतो तो इंग्रजीच्या पेपरात. तिथल्या ‘राइम’साठी आजीचं यमक चालतं. हिंदीत त्याला ‘तुक’ म्हणतात. हिंदीतलं यमक मात्र इंग्रजीत ‘पन’च्या घरात जाऊन बसतं, जिथे मराठी आणि हिंदीतला श्लेषही राहतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. त्यातल्या यमकाचा जुना अर्थ हिंदीने जपला, मराठीने बदलला. त्यामुळे घरात दोन भाषा असतील, तर मुलाला नुसतं नाव पाठ करायला लावू नका, व्याख्या विचारा.

हिंदी यमकाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. कवी बिहारी आमेरच्या मिर्झाराजे जयसिंहांच्या दरबारात होते. हो, तेच जयसिंह, ज्यांच्याशी शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला. बिहारींच्या एका दोह्यात ‘कनक’ हा शब्द एकदा सोन्यासाठी येतो आणि एकदा धोत्र्यासाठी. त्यांचीच दुसरी गोष्ट सांगतात ती अशी: राजा नव्या राणीत गुंतून कारभार विसरला, तेव्हा बिहारींनी भुंगा आणि कळीचा दोहा लिहून पाठवला आणि राजा भानावर आला. बोलणं भुंग्याला, लागणं राजाला. आपल्याकडे याला ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात, व्याकरणात अन्योक्ती. इंग्रजीत याच्या जवळचा शब्द ‘अ‍ॅलेगरी’, पण ती सहसा संपूर्ण गोष्टभर चालते.

उपमा की रूपक?

सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक. इथपर्यंत सोपं. ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की मुलं लगेच सिमिली लिहितात. पण ‘आय लाइक मँगोज’मध्ये कसली उपमा? ‘तो वडिलांसारखा दिसतो’ हीसुद्धा नुसती तुलना आहे, कारण दोन्ही माणसंच. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात.

आणि उत्प्रेक्षा? ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ असले शब्द आले की मराठीत वेगळा अलंकार होतो. इंग्रजीत त्याला वेगळं घर नाही; ‘अ‍ॅज इफ’ घेऊन तो बहुतेक वेळा सिमिलीतच जातो.

खरी गंमत सीबीएसई दहावीच्या ‘फर्स्ट फ्लाइट’ पुस्तकात आहे. कार्ल सँडबर्ग यांच्या ‘फॉग’ कवितेत धुकं मांजरासारखं येतं, बसतं, निघून जातं. कवी ‘लाइक’ वापरत नाही, म्हणून सिमिली नाही. मराठी माध्यमातून शिकलेले आईबाबा म्हणतील, चेतनगुणोक्ती! आपल्या व्याख्येने ते बरोबरच आहे, कारण निर्जीवाला सजीवाचे गुण दिले की ती झाली, मग तो सजीव माणूस असो की मांजर. पण इंग्रजीतलं ‘पर्सोनिफिकेशन’ काटेकोरपणे माणसाचेच गुण मागतं, हिंदीतल्या मानवीकरणासारखं. म्हणून इथे सुरक्षित उत्तर ‘मेटाफर’. कवितेभर तेच रूपक चालतं, हेही लिहायला विसरू नका.

मेटॉनिमी हा शब्द ऐकून घाबरायला होतं. बी.ए.ला इंग्रजी घेऊनही मला तो मराठीतूनच नीट कळला. ‘दिल्लीने निर्णय घेतला’ म्हणजे शहराने नव्हे, सरकारने. आपल्या व्याकरणात हे अलंकारांच्या धड्यात सापडत नाही, शब्दशक्तीत ‘लक्षणा’ म्हणून सापडतं. तिथेच उघडून बघा.

तसंच ‘ऑनोमॅटोपिया’. स्पेलिंग भयंकर, वस्तू घरचीच: खळखळ, सळसळ, कडकडाट. या बाबतीत मराठी इतकी श्रीमंत आहे की असले शब्द आपण अलंकार म्हणून मोजतही नाही, अनुकरणवाचक म्हणून सोडून देतो. इंग्रजीत मात्र त्यावर गुण मिळतात.

अ‍ॅलिटरेशन, म्हणजे अनुप्रास, शोधताना कान वापरा, डोळे नकोत. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने लिहितात, पण आवाज वेगळे. ‘फोन’ आणि ‘फॅन’चं स्पेलिंग वेगळं, तरी चालतं.

उत्तर लिहिताना नुसतं नाव लिहून थांबू नये. एका वाक्यात कोणत्या शब्दांमुळे तो अलंकार झाला ते सांगायचं, दुसऱ्यात त्याने कवितेत काय साधलं ते. ‘कविता सुंदर होते’ हे वाक्य प्रत्येक वहीत असतं, ते टाळा. ‘फॉग’साठी लिहा: मांजराच्या रूपकामुळे धुक्याची हालचाल हळू आणि आवाज न करणारी वाटते.

सराव करायचा तर जेवताना करा. ‘भुकेने जीव चाललाय’ ही हायपरबोल, म्हणजे अतिशयोक्ती. तासभर उशिरा आलेल्या दादाला ‘या, फारच लवकर आलात’ म्हटलं की आयरनी. आणि ‘तुला कितीदा सांगायचं?’ हा ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन. त्याला ‘पाच वेळा’ असं उत्तर द्यायचं नसतं.