नंदुरबारचे दोन दिवस

पुण्या-मुंबईकडील कुटुंब सहलीस निघाले म्हणजे त्याची पावले महाबळेश्वर, वेरूळ किंवा कोकण यांपलीकडे सहसा वळत नाहीत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने जाणारा प्रवासी नंदुरबारची पाटी खिडकीतून वाचतो आणि पुन्हा डोळे मिटतो. वास्तविक हे गाव पूर्वीपासून वाटेवरचेच. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाणारा व्यापारी रस्ता येथूनच जाई. १६१० साली विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी त्याच वाटेने गेला आणि येथील थडगी, किल्ला व तलाव यांची नोंद करून गेला.

सुरतेकडून यावयाचे असल्यास नवापूर स्थानकावर मात्र जागे असावे. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले, ती सीमा या स्थानकातूनच जाते. फलाटाचा एक भाग त्या राज्यात तर दुसरा ह्या राज्यात. पुढे नंदुरबारच्या बाजारात शिरले की ही रेषा पार पुसून जाते. दुकानदार गुजरातीत भाव सांगतो, खेड्यातून आलेली बाई अहिराणीत घासाघीस करते आणि सातपुड्यातून उतरलेली मंडळी आपसात भिली किंवा पावरी बोलत असतात. आपली पुस्तकी मराठी येथे पाहुणीच म्हणावयाची.

हे कानांत साठवून मग माणिक चौकातील हुतात्मा स्मारकाकडे जावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’ चळवळीच्या दिवसांत, विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यांत पडले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. मिरवणुकीतील मुलींवर बंदूक रोखलेली पाहून तो स्वतः पुढे झाला, असे गावात सांगतात. आपल्या घरांतून हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना ते सारे मराठीच बोलत असतील, असे आपण नकळत धरून चालतो. येथे मिरवणुकीची घोषणा गुजरातीत होती, आणि ती देणाऱ्यांत एक केतकरही होता. बरोबरची मुले त्या वयाची असतील, तर त्यांना ती पाच नावे स्वतः वाचू द्यावीत. आपण मध्ये बोलू नये.

सहल हिवाळ्यात काढावी, कारण त्या दिवसांत गावाबाहेरच्या मोकळ्या जागांत मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. ओली लाल मिरची व्यापारी विकत घेतात, ती उघड्यावर वाळवितात आणि मग देठ खुडून ती दळणास जाते. दुरून तो तांबडा विस्तार फार मनोहर दिसतो खरा. जवळ गेल्यावर प्रथम ठसका लागतो आणि मग नाकातोंडाला फडके बांधून ओळीने बसलेल्या बाया दिसू लागतात. दिवसभर मिरची हाताळून बोटांची होणारी आग घरी जाऊन भाकरी थापतानाही सोबत असते. अवेळी पाऊस आला तर सारी पथारी काळवंडते. व्यापाऱ्याचा माल बुडतो आणि बायांची मजुरीही थांबते. आपल्या फोडणीतल्या चिमूटभर तिखटामागे केवढा व्याप असतो, हे गृहिणींनी एकदा पाहण्याजोगे आहे.

जेवणाच्या बाबतीत खानदेश कंजूष नाही. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसह ठेचून केलेले भरीत आणि त्याजबरोबर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, हा थंडीतला खरा बेत. शेवभाजीचा रस्सा देशावरच्या जिभेला जरा जपूनच घ्यावा लागतो. पण मला विचाराल तर मांड्यांवाचून सहल अपुरी. पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर, पोळपाट-लाटण्याविना, पुरण भरलेला गोळा केवळ दोन्ही हातांवर खेळवीत हातभर रुंद करणारी सुगरण पाहिली, म्हणजे आपल्या पुरणपोळीचा अभिमान थोडा खाली उतरतो.

दुसरा दिवस प्रकाशे येथे घालवावा. तापी-गोमाई संगमावरील ह्या क्षेत्रास लोक दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर व पुष्पदंतेश्वर यांची देवालये प्रसिद्ध आहेत. भाविकांइतकेच पुराणवस्तूंच्या जिज्ञासूंनीही येथे यावे, कारण १९५५ साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर येथे सापडले. आता बंधाऱ्यामुळे तापीचे पाणी अडून राहिले आहे; वाहत्या नदीचा नाद ऐकावयास आलेल्याची थोडी निराशा होईल. तोरणमाळ ह्या दोन दिवसांत कोंबू नये. सातपुड्याच्या त्या पठारास आणि तेथील यशवंत तलावास निवांत तिसरा दिवस हवा.

परतताना धडगावकडील आमचूर अवश्य घ्यावे. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून ते करतात. वरणात चिंचेऐवजी घालून पाहावे. मिरची मात्र अख्खी घ्यावी, देठासकट, आणि तिची पिशवी गाडीत आपल्या उशाशी ठेवू नये.