महालक्ष्म्यांच्या लेकरांचा पोशाख



पुण्या-मुंबईकडं ज्यांना गौरी म्हणतात, त्या आपल्या नांदेड-लातूरकडं महालक्ष्म्या होऊन येतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्यांना घरात आणायचं, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणाचा नैवेद्य, मूळ नक्षत्रावर निरोप. आलेल्या बायका ज्येष्ठा-कनिष्ठेच्या साड्या, मुखवटे, दागिने बघतात. लहान मुली मात्र सरळ त्यांच्या लेकरांपुढं जाऊन बसतात. एक मुलगा, एक मुलगी, फूट-दीड फुटाची. मुलींच्या लेखी त्या बाहुल्याच! राजपुत्र आणि राजकन्या त्यांना तिथंच बघायला मिळतात. आज या लेकरांच्या पोशाखाबद्दल बोलू. आमच्या बचत गटाची भादव्यातली कमाई त्यावरच असते, आणि पहिल्याच वर्षी आम्ही त्यात तोंडघशी पडलो होतो.

झालं असं, एका दुकानदारानं वीस जोडांची ऑर्डर दिली. आम्ही बाळाचं झबलं शिवतो तसे, डोक्यातून घालायचे कपडे शिवले. दुकानात मूर्तीला घालून बघितलं, तर डोकं कानातल्या दागिन्यांना अडकलं आणि हात तर वळतच नाहीत. "ताई, हे लेकराच्या अंगात जाईना की," दुकानदार म्हणाले. चाळीस नग परत. कापडाला पैसे गटातून कर्जानं उचललेले. दोन रात्री जागून सगळ्यांची पाठ उसवली, टिच बटणं लावली. तेव्हा कुठं निम्मा माल गेला.

तेव्हापासून पहिला नियम: मूर्तीचा कपडा पाठीत वरपासून खालपर्यंत उघडा हवा. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर अंगावर चढवतात तसा तो समोरून चढवायचा. बाहीचं तोंड मनगटाच्या मापानं कापू नका, पंजाचा सगळ्यात रुंद भाग बघा.

आधी वर्तमानपत्राचा कागद मूर्तीला गुंडाळून, टाचण्या लावून नमुना कापा. छातीच्या घेराला अर्धा इंच सैल सोडा. शिलाईला पाव इंच पुरे, जास्त ठेवलं की आतून कपडा फुगतो. मशीनला जाड सुई असेल तर काढून ११ नंबरची लावा, टाका बारीक ठेवा.

कापड विकत घ्यायची गरज क्वचितच पडते. फॉल-पिको करणाऱ्यांकडं आणि टेलरकडं कात्रणं मिळतात. इरकलीचा काठ, खणाचा तुकडा, जुन्या साडीची जर. फक्त बुट्टी लहान बघा. आपल्या पदरावर शोभणारा मोर लेकराच्या अंगावर आला की नुसता पाय आणि पिसारा उरतो. जरीच्या कापडाचे धागे फार निघतात, म्हणून कापायच्या आधी रेघेवर फेव्हिकॉलचा पातळ हात फिरवून वाळू द्या. परकराला कमरेच्या अडीचपट कापड लागतं. पण खणाला चुण्या घेऊ नका, कमर जाड होते, चपट्या प्लेट्स घाला.

फेट्यात खरी मजा आहे. डोक्याच्या मापाची वाटी घ्या, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बांधा. दोन इंच रुंद, सव्वा मीटर लांब पट्टी तिच्यावर तिरकी गुंडाळत जा, मधे मधे फेव्हिकॉलचं बोट. रात्रभर वाळवून अलगद काढा. तुरा जरीच्या काठाचा, पंख्यासारखी घडी घालून.

मुलीच्या मुकुटाला जुनी लग्नपत्रिका उत्तम. कडक असते, सोनेरीही असते. आतून मऊ कापडाचं अस्तर नक्की लावा, नाहीतर पत्रिकेच्या कडेनं मूर्तीचा रंग खरवडला जातो. एकदा तशी तक्रार आली होती आमच्याकडं. ठुशीला तीन मिलिमीटरचे सोनेरी मणी घ्या. त्याहून मोठे घेतले तर गळ्यात लाडू बांधल्यासारखं दिसतं!

दसऱ्यानंतर हे काम थांबतं. मग हाच नमुना आम्ही कापडी बाहुलीला वापरतो, परीच्या पोशाखासाठी. फुलं करायची बारीक तार पानाच्या आकारात वाकवायची, जुन्या ओढणीची जाळी चिकटवायची, वाळल्यावर कडा कापून पाठीच्या रिबिनीला शिवायची. तारेची टोकं आत वळवून वर कापडी पट्टी गुंडाळा. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी असेल तर तारही नको आणि मणीही नको.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूर्तीचा पोशाख हे खेळणं नाही, पण विकायची बाहुली हे खेळणं आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडं नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून बाहुल्या विकायला काढण्याआधी कारागीर म्हणून ओळखपत्र काढून घ्या.

राहिला दर. आम्ही पहिल्या वर्षी कापड बघून दर लावला. कात्रणं फुकटची, मग मागायचं तरी किती? पण चार वर्षांच्या मुलीचा साधा फ्रॉक दीड तासात होतो, आणि फेटा-मुकुटासकट हा जोड साडेतीन तास घेतो. आता तासाला पन्नास रुपये धरतो, लेस-मणी-बटणांचे साठ वेगळे. म्हणजे दोनशे पस्तीस. "एवढ्याशा कपड्याला?" असं गिऱ्हाईक म्हणतंच. मी त्यांना एक टिच बटण हातात देते आणि लावून दाखवा म्हणते.

ऑर्डर आषाढातच घ्या, राखीच्या आत माल पोचला पाहिजे. आणि माप फोनवर घेऊ नका, "साधारण वीतभर" असं सांगतात. डोकं, छाती आणि खांद्यापासून पावलापर्यंत असे तीन दोरे कापून, चिठ्ठी बांधून पाठवायला सांगा. घरी वेळ असेल तर चौथा दोरा पंजाच्या रुंदीचा.